एका जर्मन वाक्प्रचाराची ओळख
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मंडळाच्या वाढदिवशी जर्मन भाषेचा विषय काढला, याचे काहीजणींना नवल वाटेल. पण हा विषय आता आपल्या उंबऱ्याशी आला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल माणसे पाठविण्याचा करार केला. त्यांत परिचारिकाही येतात. तिकडे परिचारिका म्हणून मान्यता मिळवायची तर साधारणपणे 'बी-२', म्हणजे सहा पायऱ्यांपैकी चौथ्या पायरीइतकी जर्मन यावी लागते. आणि मुलगी पुस्तक उघडून बसली की घरातून शब्द येतो, "अगं, आपल्याला इंग्रजी धड येईना, जर्मन काय येणार?" या प्रश्नाला उत्तर म्हणून मी आज एकच वाक्प्रचार आणला आहे.

खूप विचार करून डोके शिणले की जर्मन माणूस म्हणतो, "इश त्सेअरब्रेशे मिअर देन कॉप्फ." शब्दशः अर्थ, 'मी मला डोके फोडते.' ऐकून हसू येते. आणि अडते ते 'मला' या शब्दाशी. 'माझे डोके फोडते' असे का नाही? तसे म्हटले तर ऐकणाऱ्याला खरोखरच कवटी फुटल्यासारखे वाटेल.

पण भगिनींनो, आपण तरी काय म्हणतो? "मी हात धुतले." "मी माझे हात धुतले" असे कोणी म्हणत नाही. जर्मन माणूसही 'माझे' म्हणत नाही, फक्त 'मला हात धुते' असे म्हणतो. आता आपलाच दुसरा प्रयोग पाहा : "तिने डोक्याला ताप करून घेतला." त्यातला 'घेतला' काय सांगतो? हा ताप तिने स्वतःच स्वतःला लावून घेतला. जर्मनमधला 'मिअर' तेच काम करतो. मी असेन तर 'मिअर', तू असशील तर 'दिअर', ती असेल तर 'झिश'. 'करून घेणे' लक्षात ठेवले की हा शब्द विसरत नाही.

आपल्या भागाला तर हे अधिकच सोपे आहे. देगलूर-बिलोलीच्या बाजूला तेलुगू कानावर पडते. त्या भाषेत 'बुर्र बद्दलु कोट्टुकोनु' म्हणतात, म्हणजे कवटीचे तुकडे करून घेणे. उदगीर-निलंग्याकडे कानडी आहे. तिच्यात 'तले केडिसिकोळ्ळु', म्हणजे डोके बिघडवून घेणे. दोन्हींच्या शेवटी आपला 'घेणे'च बसलेला आहे. १९४८ पर्यंत इथे निजामाचे राज्य होते आणि कारभार उर्दूत चाले. 'मगजमारी'तला मगज हा फारसी शब्दही आपल्याला परका नाही. ज्या घरात इतक्या भाषांची ये-जा आहे, त्या घरातल्या मुलीला नवी भाषा येणार नाही, असे कोणी म्हणू नये.

मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. आपली 'डोकेफोड' बहुधा दुसऱ्याला समजावताना होते, "किती डोकेफोड केली, पण ऐकेल तर शपथ!" जर्मन डोकेफोड एकट्याने मनाशी चालते. ती कशाबद्दल, हे 'यूबर' या शब्दाने सांगतात. 'यूबर दी प्र्यूफुंग' म्हणजे परीक्षेबद्दल. आणि झालेली गोष्ट सांगताना शब्द 'त्सेअरब्रोखन' असा होतो. एखादे म्हातारे आजोबा सकाळी परिचारिकेला सांगतील की रात्रभर मी मला डोके फोडले. तिला वाक्प्रचार ठाऊक नसेल तर ती जखम शोधत बसेल. ठाऊक असेल तर खुर्ची ओढून विचारील, "आजोबा, कशाची काळजी लागली आहे?" पुस्तकातली जर्मन आणि माणसाजवळची जर्मन यांत एवढे अंतर आहे.

आता थोडे घरचे बोलते. "त्सेअरब्रिश दिअर निश्ट देन कॉप्फ," असेही जर्मन लोक म्हणतात. म्हणजे "तू नको डोक्याला ताप करून घेऊस." हे वाक्य मायेचेही असते आणि गप्प बसविणारेही असते. आपण बायकांनी ते दोन्ही सुरांत ऐकले आहे. महिन्याचा किराणा, मुलांची फी, सासूबाईंचे औषध यांचा मेळ घालताना आपण रोज डोके फोडून घेतो, पण त्याला विचार करणे असे कोणी म्हणत नाही. मोठा निर्णय आला की मात्र "तू नको ताप करून घेऊस, आम्ही बघतो."

परदेशी निघालेल्या मुलीला हे वाक्य दुसऱ्या सुरात ऐकवू नका. करारनाम्यात पगार किती, काम कोणते, भाषेच्या शिक्षणाचा खर्च कोणाचा, मध्यस्थ पैसे मागतो ते कशाचे, हे तिने स्वतः वाचावे आणि स्वतः विचारावे. तिथे डोक्याला थोडा ताप झाला तरी चालेल. डोके तिचे आहे आणि जायचेही तिलाच आहे.

मंडळाला माझी एक विनंती आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ या मुलींना आपली खोली द्यावी. त्या जर्मन बोलतील, आपण ऐकू. समजले नाही तर विचारू. आपण विचारले की त्यांना सांगावे लागेल, आणि सांगता सांगता भाषा पक्की होते.