छेद कुठे घ्यायचा?

स्तनाचा कर्करोग म्हटला की स्तन काढावाच लागणार, ही भीती अजून अनेक घरांत आहे. इटलीतल्या मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांनी 1973 पासून लहान गाठ असलेल्या 701 स्त्रियांवर अभ्यास केला. 20 वर्षांनंतरही, स्तन राखून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांचं जगण्याचं प्रमाण सारखंच निघालं.

मग प्रश्न येतो छेदाचा. गाठ वरच्या भागात असेल तर सर्जन बहुधा त्वचेच्या नैसर्गिक रेषा धरून कमानीसारखा छेद घेतात. व्रण त्यात मिसळून जातो. खालच्या भागात मात्र असा छेद घेऊन बराच भाग काढला, तर स्तनाग्र खाली ओढलं जाऊ शकतं. तिथे चाकाच्या आऱ्यासारखा, स्तनाग्राकडून बाहेर जाणारा छेद बरा. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेचा छेद फारसा दिसत नाही, पण लांबच्या गाठीपर्यंत त्यातून पोचणं अवघड.

गाठ भोवतालच्या निरोगी भागासह पूर्ण निघणं, हे सगळ्यांत आधी. तरी व्रण रोज आरशात त्या बाईलाच दिसणार असतो. म्हणून मैत्रिणींनो, संकोच करू नका. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगा, छेदाची जागा पेनाने आखून दाखवा.