तंतूंचे विश्व आणि पूर्वपक्षाची शिस्त

(सफाळे येथील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय वाचून काहींच्या मनात आले असेल की, सफाळ्यात बसून विश्वाच्या मूलतत्त्वाची चर्चा कशाला? पण येथून चौथे स्थानक बोईसर, आणि त्याच्या पलीकडे तारापूर. १९०५ साली आइन्स्टाइनने वस्तुमान आणि ऊर्जा यांचे समीकरण मांडले, १९३८ साली जर्मनीत युरेनियमचे विखंडन आढळले आणि १९६९ साली तारापूरच्या अणुभट्ट्यांतून वीज मिळू लागली. कागदावरचे समीकरण आपल्या डोळ्यांदेखत तारांतून वाहिले. तेव्हा सिद्धान्त कशाला म्हणावे, हे विचारण्याचा अधिकार या पट्ट्यातील माणसाला थोडा अधिकच आहे.

भौतिकशास्त्राची अडचण अशी आहे. ग्रह, तारे, आकाशगंगा यांचा व्यवहार आइन्स्टाइनच्या १९१५ च्या व्यापक सापेक्षता सिद्धान्ताने उत्तम उलगडतो. अणूच्या आतला व्यवहार पुंजयांत्रिकीने. दोन्ही आपापल्या घरी खरे. परंतु कृष्णविवराच्या गाभ्यात किंवा विश्वाच्या आरंभक्षणी दोघांची एकदमच गरज पडते आणि तेथे गणित कोलमडते. त्यावर सुचवलेला सर्वांत गाजलेला तोडगा म्हणजे स्ट्रिंग थिअरी, तंतुसिद्धान्त. मूलकण हे बिंदू नसून कंप पावणारे अतिसूक्ष्म तंतू आहेत, आणि कंपनाची तऱ्हा बदलली की कण बदलतो, अशी ही कल्पना. त्यातील एका कंपनातून गुरुत्वाकर्षण आपोआप निघते, हे तिचे खरे सौंदर्य. १९८४ साली ग्रीन आणि श्वार्झ यांनी तिच्या गणितातील एक मोठी विसंगती दूर केली आणि जगभरचे तरुण संशोधक तिकडे धावले.

मात्र या कल्पनेला अवकाश आणि काळ मिळून दहा मिती लागतात. आपल्याला तर चारच दिसतात. उरलेल्या सहा मिती गुंडाळलेल्या आहेत, असे म्हणावे लागते; आणि त्या गुंडाळण्याचे प्रकार किती, तर एकावर पाचशे शून्ये इतके असावेत, असा अंदाज वारंवार दिला जातो. मग आपले विश्व यांपैकी कोणते? येथेच वादाला तोंड फुटले. २००६ साली ली स्मोलिन आणि पीटर वॉइट या दोघांची पुस्तके आली. वॉइट यांनी पाउली या शास्त्रज्ञाच्या नावावर असलेला शेराच शीर्षकासाठी घेतला : हे चूक म्हणण्याच्याही लायकीचे नाही. जे कोणत्याही निरीक्षणाने खोटे ठरू शकत नाही, त्याला विज्ञान का म्हणावे, हा त्यांचा रोकडा सवाल. पुढे जिनिव्हाच्या महायंत्रात २०१२ साली हिग्ज कण सापडला. पण तंतुसिद्धान्ताचे अनेक पुरस्कर्ते ज्या महासममितीच्या जोडकणांची आशा बाळगून होते, ते सापडले नाहीत.

या जागतिक वादाच्या दोन्ही तीरांवर मराठी माणसे उभी आहेत, हे आपल्या घरांत फारसे ठाऊक नसते. एका तीरावर गडहिंग्लजला वाढलेले अतीश दाभोलकर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी तंतुसिद्धान्तावर काम केले आणि २०१९ साली ते इटलीतील ट्रिएस्टे येथील आंतरराष्ट्रीय केंद्राचे संचालक झाले. (त्यांचे वडील श्री. अ. दाभोलकर म्हणजे शेतकऱ्यांचा ‘प्रयोग परिवार’ उभा करणारे. पित्याचा प्रयोग अंगणात आणि पुत्राचे शास्त्र प्रयोगाच्या आवाक्याबाहेर, हा योग मला मोठा मौजेचा वाटतो.) दुसऱ्या तीरावर अभय अष्टेकर. त्यांनी १९८६ साली आइन्स्टाइनची समीकरणे नव्या चलांत मांडली आणि त्यांतून ‘लूप’ नावाचा प्रतिस्पर्धी मार्ग निघाला. अवकाश अखंड नाही. दुरून सलग दिसणारे वस्त्र जवळून धाग्यांचे दिसते, तसे ते विणलेले आहे, असे हा मार्ग सांगतो. २०१८ साली अमेरिकन फिजिकल सोसायटीने अष्टेकरांना आइन्स्टाइन पारितोषिक दिले.

आता आपल्या परंपरेची एक शिस्त येथे लावून पाहू. आपले भाष्यकार प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडत, आणि तेही त्याच्या सर्वांत बळकट रूपात. म्हणून तंतुपक्षाचे म्हणणे नीट ऐकावे. ते म्हणतात, घाई कसली? गुरुत्वीय लहरींचे भाकीत १९१६ चे, त्या सापडल्या २०१५ साली. शिवाय कृष्णविवराच्या एन्ट्रॉपीचे बेकनस्टाइन-हॉकिंग सूत्र १९९६ साली तंतूंच्या गणितातून, काही विशिष्ट कृष्णविवरांपुरते का होईना, तंतोतंत निघाले. लूपपक्षातही ते निघते, पण एक अंक जुळवून घ्यावा लागतो. हे सारे वजनदार आहे. तरीही लहरींचे उदाहरण मला पुरते पटत नाही. लहरी सापडायला शंभर वर्षे लागली खरी. पण मूळ सिद्धान्ताची परीक्षा चारच वर्षांत, १९१९ च्या सूर्यग्रहणात झाली होती. तंतूंना तसे ग्रहण अजून लाभलेले नाही. आणि न्यायाने बोलायचे तर लूपलाही नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या आपल्यात बोलायची आहे. अशा व्याख्यानानंतर कुणी तरी उत्साही कार्यकर्ता हमखास विचारतो, ‘‘म्हणजे हे आपले नादब्रह्मच ना?’’ अष्टेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००६ च्या गणितात विश्व मागे मागे नेले तर ते शून्यात न कोसळता उसळी घेते. ते ऐकले की दुसऱ्याला कल्प आणि प्रलय आठवतात. भावना मी समजू शकतो. पण हे दोन सिद्धान्त परस्परांचे प्रतिस्पर्धी आहेत. दोन्हींचे श्रेय ऋषींच्या नावे जमा करायचे ठरवले, तर उद्या एक पडल्यावर कोणत्या ऋषीला खोटे ठरवायचे? उपनिषदे प्रयोगशाळेच्या दाखल्यावाचून हजारो वर्षे उभी आहेत. त्यांना अप्रमाणित समीकरणाच्या टेकूला का बांधावे? वैशेषिकांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मानली. पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान करावे, पण त्याआधी धूर आणि अग्नी यांचे साहचर्य स्वयंपाकघरात पाहिलेले असावे लागते. तंतूंचा धूरच अजून कुणी पाहिलेला नाही.

मग पाहणार कोण? हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा मंजूर झाली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये दिले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक चार किलोमीटरची. तंतू खरे की लूप खरे, हे ती थेट सांगणार नाही. मात्र कृष्णविवरांच्या टकरी ती ऐकेल, आणि दोन्ही पक्षांना जे आजवर मिळत नव्हते ते निरीक्षण थोडे थोडे हाती येऊ लागेल. तिच्या निर्वात नळ्या, आरसे, लेसर सांभाळायला अभियंते लागतील, तंत्रज्ञ लागतील. तारापूरच्या वेळी या परिसरातील किती मुले त्या कामासाठी आधीपासून तयार होती, याचा ज्येष्ठांनी जरा आठव करावा. समोर बसलेल्या दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी आता प्रश्न विचारावेत, नादब्रह्माचा सोडून कोणताही.