चौदा स्वरांची तयारी

वाद्यवृंदाच्या मागील रांगेंत ट्यूबा नांवाचें एक धिप्पाड पितळी वाद्य असतें. अंतोनिन ड्वोर्झाक या बोहेमियन संगीतकाराची ‘नव्या जगांतून’ ही नववी सिंफनी डिसेंबर १८९३ मध्यें न्यूयॉर्क येथें प्रथम वाजली. सुमारें चाळीस मिनिटांच्या या कृतींत ट्यूबाच्या वांट्यास अवघे १४ स्वर आले आहेत: सात दुसऱ्या भागाच्या आरंभीं आणि सात त्याच भागाच्या अखेरीकडे.

एवढ्यासाठीं तयारी ती कसली, असें श्रोत्यांस वाटेल. परंतु पहिला भाग संपेपर्यंत वादक नुसता बसून असतो. तेवढ्यांत पितळ थंड होतें, आणि थंड वाद्याचा सूर उतरतो. लगेच अगदीं हलक्या आवाजांत, ट्राँबोनांशीं एकजीव होऊन, त्यास सूर लावावयाचा असतो. तेथें ओठ कांपला तर चूक सुधारण्यास पुढें जागाच नाहीं.

म्हणून जाणता वादक हे स्वर आधीं गळ्यानें गातो; कारण येथें संगीत ई मेजरपासून निघून थोडक्यांत दूरच्या डी फ्लॅट मेजरला पोंचतें, आणि कानाला वाट ठाऊक असल्यावांचून ओठांना ती सांपडत नाहीं. मग तो एकेक सूर लांब व मंद धरतो. शेवटीं घरींच दहा मिनिटें मुकाट बसतो, वाद्यांत निःशब्द ऊन श्वास सोडतो, आणि सातही स्वर एकदांच वाजवितो. चुकले तर पुन्हां दहा मिनिटें बसतो.

त्यामागून येणारी इंग्लिश हॉर्नची करुण धून सर्वांच्या स्मरणांत राहते. तिच्यासाठीं दार उघडणारा कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. दार न करकरतां उघडलें, याची हीच खूण होय.