शिक्का एक, प्रयोगशाळा वेगळी

(सांगोल्यात बारावी झालेल्या मुलामुलींसमोर केलेलं भाषण)



मघाशी एका पोरानं विचारलं, 'दादा, लोणेऱ्याचं विद्यापीठ घेऊ का सोलापूरचं?' म्हटलं, लोणेरेच का रं? तर म्हणाला, 'बाबासाहेबांचं नाव हाय.'

या नावाची किंमत आम्हाला कुणी सांगू नये. 1978 ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आपल्या माणसांची घरं पेटली. नाव लागायला 1994 उजाडलं. पण नावाच्या आड दुकान कोण मांडतंय तेही बघा. 1989 चं लोणेऱ्याचं आवार वेगळं आणि त्याला जोडलेली राज्यभरची खाजगी कॉलेजं वेगळी. पदवीवर शिक्का एकच. आत लेथ मशीन फिरतं का धूळ खातं, हे शिक्का सांगत नाही. सोलापूर विद्यापीठाचंही तेच. म्हणून विद्यापीठ नका निवडू, कॉलेज निवडा. आधी जाऊन या. तिथं शिकणाऱ्या आपल्या पोरांना गाठा. मास्तर तासाला येतो का, विचारा.

1983 पासून विनाअनुदानित कॉलेजांचं पीक आलं आणि साखरवाले शिक्षणसम्राट झाले. आता त्यांचा एजंट निकालाआधीच वस्तीत येतो, आपल्या घरात चहा पितो (ही मात्र प्रगतीच म्हणायची!) आणि सांगतो, 'कोट्यातून बसवतो.' तिथंच मरण हाय. कॅपच्या फेरीतून गेलात तर शिष्यवृत्ती. व्यवस्थापन कोट्यातून गेलात की सगळी फी बापाच्या बोकांडी, आणि बाप दुसऱ्याच्या डाळिंबाच्या बागेत छाटणीला.

माझं सांगतो. शिष्यवृत्तीचा हप्ता सरकारकडून आला न्हाई म्हणून माझ्या कॉलेजानं मार्कलिस्ट दाबून ठेवली. ही योजना 1944 पासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात होते तेव्हाची. एवढं तरी ठाऊक असतं तर क्लार्कपुढं मान खाली घालून उभा राहिलो नसतो.

पुण्याचं सीओईपी, सांगलीचं वालचंद, कराडचं सरकारी वर लिहा. लांब पडतं म्हणू नका, मिरजेची गाडी आपल्याच स्टेशनात थांबते. मार्क कमी असले तरी लिहा, वर लिहिल्यानं खालचं जात न्हाई. फक्त पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की तो पक्का होतो. तेव्हा मनात नसलेलं कॉलेज पहिलं टाकू नका.

चला, कागद काढा. जातपडताळणी ज्यांची व्हायचीय त्यांनी इकडं, माझ्याजवळ बसा.