शेजाऱ्याचा रणगाडा
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



उत्सवात एक दिवस बाहेरच्या वक्त्याचे व्याख्यान ठेवण्याची आपल्या मंडळाची पद्धत आहे. यंदा कार्यकारिणीने घरचाच वक्ता धरला आणि प्रवासखर्च व मानधन दोन्ही वाचवले. योगायोग असा की आजचा विषयही काटकसरीचाच आहे. पैसे कमी असताना मित्रदेशांनी एकत्र येऊन आपले संरक्षण करावे काय, आणि कुठवर करावे?

मी हवाई दलात विमानांच्या देखभालीत सव्वीस वर्षे काढली. एका हाताएवढ्या पंपासाठी एक विमान तीन आठवडे हँगरमध्ये उभे राहिलेले मी पाहिले आहे. तसाच पंप दुसऱ्या एका तळाच्या भांडारात पडून होता, हे आम्हाला नंतर कळले. एकाच देशाच्या एकाच दलात ही गत, तर दोन देशांची काय कथा? म्हणून युरोपातल्या काही लहान देशांनी काय केले, याचे मला पहिल्यापासून कुतूहल आहे.

सुरुवात बेल्जियम आणि नेदरलँड्सपासून करू. १९९६ पासून या दोन देशांच्या आरमारांचे कार्यकारी मुख्यालय एकच आहे, डेन हेल्डर या डच बंदरात. जहाजे आपापली, झेंडे आपापले, पण कामाची वाटणी ठरलेली. फ्रिगेट जहाजांची मोठी दुरुस्ती डच गोदीत व्हायची, पाणसुरुंग शोधणाऱ्या जहाजांची बेल्जियममध्ये. सुरुंगयुद्धाची शाळा ऑस्टेंडला, तीही दोघांची मिळून एक. हे जमले, कारण त्यांची जहाजे सारखीच होती. त्याआधी फ्रान्सला बरोबर घेऊन त्यांनी सुरुंगशोधक जहाज मिळून बनवले होते. विजेची सामग्री बेल्जियमची, यंत्रे नेदरलँड्सची, सुरुंग शोधण्याची उपकरणे फ्रान्सची. यंत्र सारखे असेल तर सुटा भाग, कारागीर आणि शिक्षक वाटून घेता येतात. यंत्रे वेगवेगळी असतील, तर केवळ मैत्रीने पैसा वाचत नाही.

दुसरे उदाहरण हंगेरीतल्या पापा या तळाचे. सी-१७ हे अवाढव्य मालवाहू विमान आपल्या हवाई दलाकडेही आहे. एस्टोनिया किंवा स्लोव्हेनियासारख्या देशाला असे एक विमानही परवडणार नाही. म्हणून अमेरिकेसह बारा देशांनी मिळून तीन विमाने घेतली. २००९ पासून ती पापाहून उडतात. जो देश जितका वाटा उचलतो, तितके उड्डाणाचे तास त्याला मिळतात. वैमानिक आणि कर्मचारीही निरनिराळ्या देशांचे असतात.

तिसरे उदाहरण एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनियाचे. या तिघांकडे लढाऊ विमाने नाहीत. २००४ साली ते नाटोत आले, तेव्हापासून इतर सदस्य देश पाळीपाळीने आपली विमाने तिथे पाठवून त्यांच्या आकाशाची राखण करतात.

इथपर्यंत सगळे गोड आहे. आता अवघड भाग.

शीतयुद्धाच्या काळात नेदरलँड्सने ४४५ लेपर्ड-२ रणगाडे घेतले होते. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर तिजोरीला ओढ लागली. २०११ मध्ये संरक्षणखर्चात सुमारे एक अब्ज युरोंची कपात जाहीर झाली आणि उरलेल्या दोन्ही रणगाडा बटालियन बंद करण्याचे ठरले. जहाजे कमी करणे वेगळे आणि एक पूर्ण शस्त्र टाकून देणे वेगळे. २०१४ मध्ये त्यांतले शंभर रणगाडे फिनलंडला सुमारे २० कोटी युरोंना विकले गेले.

पण याच २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला. रणगाड्यांचा जमाना संपला असे मानणाऱ्यांना पुन्हा विचार करावा लागला. मग डचांनी शेजाऱ्याचे दार ठोठावले. २०१६ मध्ये जर्मनीतल्या लोहाइडे येथे ४१४ क्रमांकाची जर्मन-डच रणगाडा बटालियन उभी राहिली. सुमारे शंभर डच सैनिक जर्मनांबरोबर एकाच बटालियनमध्ये काम करू लागले. ही बटालियन डच ब्रिगेडच्या हाताखाली आणि ती ब्रिगेड जर्मन डिव्हिजनच्या हाताखाली. मंडळी, ज्या जर्मनीने मे १९४० मध्ये रॉटरडॅम शहरावर बाँबफेक केली, तिच्या रणगाड्यात डच सैनिक बसला! इतिहास विसरून नव्हे, तर विचारपूर्वक.

मात्र विश्वासाची परीक्षा गोळी झाडण्याच्या दिवशी होते. २०११ मध्येच लिबियाच्या प्रश्नावर सुरक्षा परिषदेत मतदान झाले, तेव्हा जर्मनी तटस्थ राहिला. नाटोची टेहळणी करणारी अवॅक्स विमाने अनेक देशांच्या मालकीची, त्यांवरचे कर्मचारीही अनेक देशांचे. जर्मनीने लिबियाच्या मोहिमेतून आपले कर्मचारी काढून घेतले. बाकीच्यांना माणसांची जुळवाजुळव करावी लागली. जर्मनीने करार मोडला असे मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे सैन्य बाहेर पाठवण्यासाठी संसदेची संमती लागते आणि ती लोकशाही आहे. पण वस्तू सामायिक असली तरी निर्णय सामायिक नसतो, हे त्या दिवशी सर्वांना दिसले.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि हिशेब पुन्हा बदलला. २०२४ मध्ये डच सरकारने स्वतःची रणगाडा बटालियन पुन्हा उभारण्याचे ठरवले. २०२५ मध्ये हेग येथे नाटो देशांनी २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम संरक्षणावर व त्यासंबंधीच्या कामांवर खर्चण्याचे मान्य केले.

मग भागीदारी फसली का? मला तसे वाटत नाही. डचांना नव्याने बटालियन उभारताना अगदी श्रीगणेशापासून सुरुवात करावी लागली नाही. रणगाडा चालवणारी आणि त्याची देखभाल जाणणारी शंभरेक माणसे जर्मन छावणीत तयार होती. यंत्र पैसे मोजून आणता येते. वीस वर्षे राबून तयार झालेला हवालदार बाजारात मिळत नाही. देखभालीतला माणूस म्हणून हे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते.

आपला देश कोणत्याही लष्करी गटात नाही. तरीही २०१६ मध्ये अमेरिकेशी, २०१८ मध्ये फ्रान्सशी आणि २०२० मध्ये जपान व ऑस्ट्रेलियाशी आपण परस्परांच्या तळांवर इंधन व रसद घेण्याचे करार केले आहेत. त्यांत दुसऱ्याच्या युद्धात उतरण्याचे बंधन नाही. माझ्या मते ही रेघ योग्य जागी ओढलेली आहे. इंधन, दुरुस्ती, प्रशिक्षण वाटून घ्यावे. ज्यावाचून आपण एक दिवसही उभे राहू शकणार नाही, ते मात्र आपल्या घरात असावे.

शेवटी आपल्या मंडळाचेच सांगतो. महाप्रसादाची मोठी पातेली आपण शेजारच्या बंगाली मंडळाबरोबर वर्गणी काढून घेतली. गणपतीत ती आपल्याकडे, दुर्गापूजेत त्यांच्याकडे. उत्तम चालले आहे, कारण दोघांच्या तिथी वेगळ्या आहेत. पण संकट तिथी पाहून येत नाही. दोघांच्या घरी एकाच दिवशी पंगत बसली तर पातेले कोणाकडे जाईल, हे मैत्री गोड असतानाच बोलून ठेवावे. देशांनीही तेच करावे. आणि मंडळी, काहीही झाले तरी आरतीचे तबक मात्र आपले स्वतःचेच असू द्यावे!

गणपती बाप्पा मोरया!