आयसी की एनसी?

आज आम्ही गटाच्या नऊ जणी बोलणार आहोत. म्हणजे माइकपुढं एक आहे, बाकीच्या आठ काचेपलीकडून खुणा करतायत. मागच्या फेब्रुवारीत आम्ही नेपाळला पशुपतिनाथाला जाऊन आलो. यात्रा कंपनी नाही, घरातला कुणी पुरुष सोबत नाही. मनमाडला गोरखपूरची गाडी धरली, गोरखपूरहून बसनं सोनौली गाठलं आणि सीमा पायी ओलांडली. आपल्याला तिथं व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट, तोही मूळ, जवळ ठेवायचा. दर्शन कसं झालं हे गावात सांगून झालंय. जे सांगितलं नव्हतं ते आज सांगतो.

सोनौलीला बसमधून उतरतोय तोच चौघं पिशव्यांना झोंबले. एक म्हणाला, पायी जाऊच देत नाहीत, रिक्षा करा. दुसरा म्हणाला, काठमांडूच्या बस आज बंद, आमची जीप आहे. आमचे पाय लटपटले. आक्का म्हणाली, "आधी चहा." टपरीवरच्या बाईला विचारलं तर ती हसली. समोरच्या कमानीतून चालत जा म्हणाली, आणि बसचं तिकीट पलीकडं भैरहव्याला स्टँडवरच काढा. तिला ना रिक्षा विकायची होती ना जीप. मग आम्ही ठरवलं, जो विकतोय त्यालाच त्या वस्तूची खबर विचारायची नाही. शेजारच्याला विचारायचं.

आता पैशाचं नीट ऐका. नेपाळचाही रुपयाच. पण आपल्या 100 रुपयांचे तिथले 160 होतात. आपल्या पैशाला तिथं आयसी म्हणतात, त्यांच्या पैशाला एनसी. दुकानदार भाव सांगतो तेव्हा नुसता आकडा सांगतो. गोम तिथंच आहे.

देवळाच्या वाटेवर रुद्राक्षाच्या माळांची दुकानं लागतात. आक्का नुसती बघत होती. दुकानदारानं "माताजी, माताजी" म्हणत माळ तिच्या गळ्यातच घातली. किती? तर आठशे. आक्कानं हिशेब केला, 800 एनसी म्हणजे आपले 500, आणि शंभराच्या पाच नोटा पुढं केल्या. तो म्हणाला, आठशे आयसी! माळ परत घे म्हटलं तर म्हणे देवाची वस्तू गळ्यातून काढू नये, अपशकुन होतो. आजूबाजूला माणसं जमली. आक्कानं आणखी तीन नोटा काढून दिल्या.

ते पैसे तिनं शेळी विकून आणले होते. साठ वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या मनानं खर्चायला काढलेले. त्या रात्री लॉजवर ती जेवली नाही. आणि आम्ही काय केलं? "तुला कळलं कसं नाही," म्हणून तिलाच बोललो. ते आता आठवलं की लाज वाटते, कारण दुसऱ्या दिवशी आम्ही आठही जणी तशाच फसलो.

एक कपाळभर गंध लावलेला माणूस आपणहून सोबत चालायला लागला. पशुपतीचं लिंग चार मुखांचं, आतले मुख्य पुजारी कर्नाटकातले, आत फोटो काढायचा नाही, चामड्याचं काही न्यायचं नाही, सगळं सांगत होता आणि ते खरंही होतं. आम्हाला वाटलं, किती भला माणूस! बाहेर आल्यावर त्यानं दोन हजार मागितले. आयसी. आधी विचारलंच नव्हतं, मग भांडणार कशावर? घासाघीस करून सातशे दिले. आक्का तेव्हा लांब उभी राहून हसत होती.

खरं सांगायचं तर ही युक्ती आपल्याला नवी नाही. बाजारात पापडाचा तुकडा आपणही गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतोच ना, "चव तर बघा" म्हणून? वस्तू हातात गेली की नको म्हणायला जीभ रेटत नाही. त्यातून आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं, कुणी बोललं की उत्तर द्यावं, तोंडावर नको म्हणू नये. तिथला विकणारा त्या भिडेवरच तर जगतो. म्हणून उरलेले दिवस आम्ही हात पदराखालीच ठेवले. कुणी काही पुढं केलं तर घ्यायचं नाही, थांबायचं नाही, कारण सांगायचं नाही. "पैसे नाहीत" म्हटलं की तो भाव उतरवतो, "उद्या येतो" म्हटलं की उद्या दारात उभा राहतो. चहावालीनंच शिकवलेला एक शब्द कामी आला: "भयो, दाइ." म्हणजे पुरे, दादा. एवढं म्हणून चालू पडायचं. त्यांच्या भाषेत म्हटलं की बहुतेक जण हसून सोडून देतात. आणि किंमत विचारायला "कति?" म्हणायचं, आपल्या 'किती'ची सख्खी बहीणच. उत्तर आलं की लगेच, "आयसी की एनसी?"

सगळे वाटाडे वाईट असं मात्र आम्ही म्हणणार नाही. पाटणला एकाला आधी ठरवून घेतलं, दोन तास, इतके रुपये, नऊ जणींचे मिळून, एनसी. त्यानं कृष्णमंदिराच्या दगडात कोरलेलं महाभारत आणि रामायण बोट ठेवून ठेवून दाखवलं. एकट्यानं बघितलं असतं तर आम्हाला ते नुसते दगड दिसले असते. त्याला आम्ही ठरल्यापेक्षा पन्नास जास्तच दिले. कुणी मागितले नव्हते.

पैशाची पिशवी आम्ही नंतर दोन केल्या. रोजचे सुटे वर, बाकीचे आत. दुकानात आतली पिशवी उघडायची नाही, कारण बघणारे बघत असतात. आणि भाव करणारी एक, पैसे देणारी दुसरी. मधे दोन पावलं अंतर पडलं की विचार करायला वेळ मिळतो.

काचेपलीकडून आक्का खुणावतेय, माळेचं पूर्ण सांगा म्हणून. ती तिच्याच परवानगीनं सांगितलीय. घरी आल्यावर महिनाभर ती सुनेला माळ दोनशेला मिळाली म्हणत होती. आता माळ देव्हाऱ्यात आहे, आणि कुणी विचारलं की आक्का खरा आकडा सांगते. आठशे. आणि लगेच पुढं म्हणते, आयसी.