मोहोरापासून गिऱ्हाइकापर्यंत



मघाशी बक्षिसं देताना तुम्हा विद्यार्थ्यांशी बोललो. बहुतेकांच्या घरी हापूसची कलमं आहेत. म्हणून आज आंबा आणि तुमच्या हातातला मोबाइल, एवढ्यावरच बोलतो.

वर्षानुवर्षं आपली आंब्याची पेटी वाशीच्या बाजारात जायची. दलालाची पट्टी आली की भाव कळायचा. आंबा कोणी खाल्ला, कसा लागला, ते बागायतदाराला कळायचंच नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ऐन हंगामात बाजाराची घडी विस्कटली. तेव्हा कोकणातल्या कितीतरी बागायतदारांनी व्हॉट्सॲपवर मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या ऑर्डरी घेतल्या आणि टेम्पो थेट गेटवर उभे केले. भाव बरा मिळालाच, पण मला त्याहून मोलाची वाटते ती गिऱ्हाइकाशी झालेली ओळख.

ती ओळख टिकवण्याचं काम तुमचं. बाबांच्या फोनवर व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. ते फुकट आहे, त्यात मालाचा कॅटलॉगही करता येतो. पिवळ्याधमक आंब्यांचे फोटो सगळेच टाकतात. तुम्ही मोहोर दाखवा, झेल्याने देठासकट उतरवलेलं फळ दाखवा, आई पेंढ्यात आढी लावते ते दाखवा. अवकाळी पाऊस झाला तर तोही दाखवा आणि पेटीला उशीर होणार असेल तर त्याच दिवशी कळवा. आंब्यात साका, म्हणजे खराब गर, निघाल्याची तक्रार आली तर वाद घालू नका. साका बाहेरून दिसत नाही हे समजावून सांगा आणि फळ बदलून द्या. असं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी शेजाऱ्यालाही घेऊन येतं.

हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही परराज्यातला आंबा आपल्या नावावर सर्रास खपवला जातो, याची मला मनापासून चीड येते. ज्याने जानेवारीपासून तुमची बाग फोनवर पाहिली आहे, त्याला असं फसवणं सोपं नाही. मात्र मानांकनाचं नाव लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. घरी ती झाली आहे का, आज विचारा. आईचा बचत गट आंबापोळी किंवा कोकम आगळ विकत असेल, तर अन्न परवान्याचा नंबर लेबलवर आहे ना, तेही बघा.

परीक्षा तोंडावर आहेत, अभ्यास नीट करा. मोहोराचे फोटो मात्र याच आठवड्यात काढून ठेवा. कणी, म्हणजे बारीक फळं, धरली की ते पुढच्या वर्षीच मिळतील.